दोन जागा, सकाळची बोट

३ सप्टेंबर

मावशी,

बोटांना फोनवर टकटक करायची सवय लागली आहे, त्यामुळे पेनानं लिहिलेलं हे अक्षर कोंबडीच्या पायांसारखं दिसेल. गोड मानून घे. तुझ्या डोळ्यांना स्क्रीनची बंदी आहे असं आईकडून कळलं, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

बातमी अशी की मला बोट कंपनीत नोकरी लागली. हो, तुझ्याच. पलीकडच्या काठावरचं तेच ऑफिस, तोच जिना, आणि जिन्याखाली तीच मशीनची खोली, जिथं भर उन्हाळ्यातही शाल लागते. रोज सकाळी मी आपल्या काठावरून बोटीत बसते आणि चाळीस मिनिटांत पलीकडे पोचते. हल्ली सरोवरावर इतकं धुकं असतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. आपण पुढे सरकतोय हेसुद्धा इंजिनाच्या आवाजावरून समजून घ्यायचं. मी डोळे मिटते, आणि उघडते तेव्हा ऑफिसचा धक्का समोर असतो. तोच चालत आपल्याकडे आला असावा असं वाटतं.

तुझा प्रोग्राम अजून चालू आहे, मावशी. काळा पडदा, हिरवी अक्षरं. सहाही धक्क्यांच्या खिडक्यांवरचे लोक अजून त्यावरच बोटीतल्या जागा देतात. आता कंपनीला वाटतंय की लोकांनी घरबसल्या फोनवरून जागा घ्याव्यात. सगळं नव्यानं लिहायचं तर चार वर्षं जातील, आणि मधेच काही बिनसलं तर सहा धक्के ठप्प. म्हणून ठरलं की तुझ्या प्रोग्रामला आतून हात लावायचा नाही, बाहेरून फक्त एक दार बसवायचं. फोननं आजच्या भाषेत विचारायचं, 'उद्या सकाळी जागा आहे का?' दारानं तेच तुझ्या प्रोग्रामला त्याच्या जुन्या भाषेत विचारायचं आणि उत्तर फोनला कळेल असं करून परत आणायचं. याला वेब सर्व्हिस म्हणतात. हे काम माझ्या गळ्यात पडलंय.

पण प्रोग्रामबद्दल लिहून ठेवलेला एक कागद सापडेल तर शपथ. साहेब म्हणतात, "सगळं त्या बाईंच्या डोक्यात होतं, आणि त्या डोकं घेऊन रिटायर झाल्या." त्या बाई म्हणजे माझी मावशी हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तू मदत करशील ना?

आई बरी आहे. तुला पत्र लिहितेय म्हटलं तर म्हणाली, "बरी आहे म्हणून कळव." तुम्हा दोघी बहिणींचं हे एका ओळीचं बोलणं मला कधी कळलंच नाही.

तुझी
भिंगरी

११ सप्टेंबर

भिंगरे,

माझ्या दोन खोल्या टपालघराच्या बरोबर वर आहेत. खाली शिक्का मारला की आवाज माझ्या फरशीतून वर येतो. परवा दुपारी पडल्या पडल्या ते ठोके ऐकत होते, आणि त्यातला एक कुणास ठाऊक का आपल्यासाठी आहे असं वाटलं. खाली गेले तर तुझं पाकीट. म्हातारपणी माणसाला असल्या खुळ्या खात्र्या वाटायला लागतात, आणि त्यातली एखादी खरी निघते, म्हणून बाकीच्या चालवून घ्यायच्या.

तो अजून चालू आहे हे वाचून मी बराच वेळ खिडकीत बसून राहिले. इथं दुपारी डोंगरावरून ढग उतरतो आणि सरळ खोलीत शिरतो. कपाट, खुर्ची, माझे स्वतःचे पाय, सगळं हळूहळू पुसट होतं. त्यात मला मशीनच्या खोलीचा गुणगुण आवाज ऐकू आला. खरंच आला. मी तिथं बावीस वर्षं काढली. स्वप्नात अजून जाते. स्वप्नात ती हिरवी अक्षरं पडद्यावरून सुटून माझ्या शालीवर येऊन बसतात आणि मी ती झटकत नाही.

आता कामाचं. माझा प्रोग्राम दोनदा विचारतो. पहिल्या पडद्यावर जागा दाखवतो, दुसऱ्या पडद्यावर 'नक्की का' म्हणतो. हे दोन पडदे तुझ्या दाराला एकामागून एक ओलांडावे लागतील. मधेच सोडून पळालं तर तो रुसतो आणि ती जागा काही मिनिटं कुणालाच देत नाही. आणि तो हळू आहे. तुमचे साहेब त्यावरून कुरकुरतील. कुरकुरू देत.

जे अडेल ते विचार. डोकं अजून बरोबर आहे, थोडी धूळ बसली असेल इतकंच.

ताईला सांग, मीही बरी आहे. ती अजून पलीकडे जायचं झालं तर रस्त्यानंच वळसा घालून जाते का?

मावशी

१९ सप्टेंबर

मावशी,

तुझे दोन पडदे ओलांडले. काल पहिल्यांदा माझ्या फोनवरून विचारलं आणि तुझ्या प्रोग्रामनं उत्तर दिलं. स्क्रीनवर नुसतं 'जागा १२, सकाळची बोट' एवढंच आलं, पण माझ्या अंगावर काटा आला. खोल पाण्यात हाक मारावी आणि तळातून कुणी 'ओ' द्यावी तसं काहीतरी.

आईचं विचारलंस. हो, बसनंच जाते. चाळीस मिनिटांच्या जागी साडेतीन तास. पाण्यानं मळमळतं म्हणते. मला सोडायला दारापर्यंत येते, धक्क्यापर्यंत कधीच नाही. मला कामावर बोटीनं जावं लागतं हे तिला आवडत नाही, पण बोलत नाही. संध्याकाळी मी घरात शिरेपर्यंत दाराची कडी उघडी ठेवून बसलेली असते.

आता एक अडचण. तुझ्या प्रोग्रामच्या पोटात एक तुकडा आहे, त्याचं नाव तू ठेवलंयस 'सोबत'. दोन किंवा जास्त माणसांनी एकत्र जागा मागितल्या की त्याला जाग येते. अख्ख्या बोटीचं पान बंद करून घेतो, बाकी सगळ्यांना थांबवतो, सगळ्यांच्या जागा एकदम लिहितो, आणि एकजरी जागा कमी पडली किंवा मधे काही अडलं तर लिहिलेल्या सगळ्या पुसतो. म्हणजे सगळ्यांना जागा, नाहीतर कुणालाच नाही. यात दोन सेकंद जातात. खिडकीवर दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. पण फोनवरून एका वेळी पाचशे जण आले तर ते दोन-दोन सेकंद साचून रांग सरोवराला वेढा घालेल. आम्ही चाचणी घेतली. सगळं तुंबलं.

एकट्या माणसासाठी तुझ्याकडे दुसरी वाट आहे, ती झटपट चालते. साहेब म्हणतात, चौघांचं कुटुंब आलं तर दारातच त्याचे चार एकटे करा आणि त्या वाटेनं सोडा. 'सोबत'ला वळसा.

पण 'सोबत'च्या वर तू एक ओळ लिहून ठेवली आहेस: 'हे काढू नये. कुणीही. मीसुद्धा.' बाकी अख्ख्या प्रोग्राममध्ये तुझा एक शब्द नाही, आणि इथं एवढा दम. का गं?

भिंगरी

२७ सप्टेंबर

भिंगरे,

'सोबत'ला वळसा घालू नकोस.

कारण लांबलचक आहे आणि माझा हात दुखतो. साहेबांना सांग, लोकांना दोन सेकंद थांबायला लावलं तर कुणी मरत नाही.

इथं या आठवड्यात ढग उठलाच नाही. दिवसभर दिवा लावून बसते. वाटतं, कुणी दार वाजवलं तर तो ढगच असेल, आणि मी त्याला चहा विचारेन.

मावशी

२० ऑक्टोबर

मावशी,

तीन आठवडे लिहिलं नाही. आधी रागावले होते म्हणून, आणि आता लाज वाटतेय म्हणून. दोन्ही सांगून टाकते.

तुझं ते चार ओळींचं पत्र वाचून मला वाटलं, ही म्हातारीची अढी आहे. आपण लिहिलेलं कुणी हलवू नये, बस. साहेबांनी विचारलं, "कारण काय?" माझ्याकडे कारण नव्हतं. मी 'सोबत'ला वळसा घातला. दोनशे लोकांच्या फोनवर चाचणी सुरू झाली. सगळं पाण्यासारखं वाहायला लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तेरा दिवस मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

काल सकाळी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. धक्क्यावर माणसं नुसती सावल्यांसारखी उभी. तिकीट तपासणारे एक काका आहेत, त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणतात. ते एका जोडप्याशी बोलत होते. बाईंना दिसत नव्हतं. पियानो सुरात लावायचं काम करतात त्या. पलीकडच्या शाळेत बोलावलं होतं. सोबत नवरा, हातात अवजारांची पेटी. शिट्टीवाले म्हणत होते, "बाईंचं नाव आहे. तुमचं नाही. बोट भरली."

नवरा म्हणाला, "दोघांचं एकदम केलंय हो. फोननं सांगितलं, जागा मिळाली."

"एकाचीच मिळाली. तुम्ही एकच सांगितली असेल."

"मी पस्तीस वर्षांत एक कधी सांगितलेली नाही," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, अगदी हळू. बाईंनी त्याची बाही धरली होती, आणि ती सोडायची की नाही हे ठरवत असाव्यात असं वाटलं.

मी माझी जागा त्याला दिली. बोट धुक्यात गेली आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडला. नोंद समोर होती. मागितल्या दोन, लिहिली एक. पहिली लिहून झाल्यावर दारापासून प्रोग्रामपर्यंतची लाइन क्षणभर तुटली आणि दुसरी वाटेतच हरवली. 'सोबत' असता तर पहिलीही पुसली गेली असती, फोननं 'पुन्हा करा' म्हटलं असतं, त्यांनी पुन्हा केलं असतं, तेव्हा बोटीत जागाही होत्या.

मी लगेच ऑफिसला फोन करून चाचणी थांबवली. साहेब संतापले. संतापू देत. तेरा दिवसांच्या नोंदी चाळल्या. असं आणखी तीनदा झालं होतं, आणि कुणी तक्रारसुद्धा केली नव्हती. सगळ्यांना वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं.

मावशी, तुला हे आधीपासून ठाऊक होतं. कसं?

भिंगरी

२९ ऑक्टोबर

भिंगरे,

आज हात दुखत नाही. तेव्हाही दुखत नव्हता.

तुझे आजोबा गेले त्याला एकतीस वर्षं झाली. पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना दाखवायचं होतं. छातीत दुखायचं, पण चालते-फिरते होते. ताई त्यांना घेऊन येणार होती. मी त्याच पलीकडच्या काठावर, कामावर. तिनं आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून सकाळच्या बोटीच्या जागा सांगितल्या. सकाळी गेली तर यादीत एकच नाव, बाबांचं. खिडकीवरचा म्हणाला, "बाई, तुम्ही एकच सांगितली असणार. कॉम्प्युटर चुकत नाही." बोट भरलेली. पुढची दीड तासानं. बाबा म्हणाले, "मी जातो पुढं, तिथं बाकावर बसतो, तू मागनं ये." मग धुकं उतरलं, आणि पुढची बोट दीडच्या ऐवजी चार तासांनी सुटली.

ताई आली तेव्हा ते बाकावर बसलेलेच होते. लोकांना वाटलं होतं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय.

आणि मी तिथून पाचशे पावलांवर, जिन्याखालच्या खोलीत. धुक्यानं बोटी अडल्यात, आता दुपारच्या बोटीनं दोघं येणार, असं मी समजून बसले होते. ते सकाळीच एकटे येऊन बसलेत हे मला कुणी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात घरात ताईनं मला एकदाच विचारलं. स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून. "तुझं मशीन चुकतं का गं कधी?" मी म्हटलं, "नाही ताई. ते सांगितलं तेवढंच लिहितं." मला तेव्हा तसंच वाटत होतं. ती 'बरं' म्हणाली, आणि भांडं विसळत राहिली. ते एकच भांडं, कितीतरी वेळ.

महिन्यानंतर मी दुसऱ्याच कामासाठी जुन्या नोंदींचे कागद उलगडत होते. मशीन तेव्हा प्रत्येक मागणी कागदावर छापायचं. त्या दिवसाचं पान आलं. मागणी दोन. लिहिली एक. मधे त्या धक्क्याची लाइन क्षणभर तुटली होती. पहिली जागा राहिली, दुसरी गेली, सकाळपर्यंत ती कुणी दुसऱ्यानं घेतली.

मी अकरा दिवसांत 'सोबत' लिहिला. घरी गेले नाही, नीट जेवले नाही. अकराव्या दिवशी ती ओळ वर लिहिली आणि मला वाटलं, आता ताईकडे जाऊन सांगायचं. गेले. ती तुला मांडीवर घेऊन बसली होती, तू चार महिन्यांची. मला म्हणाली, "मीच एक सांगितली असणार. तीन रात्री झोप नव्हती मला." एवढ्या शांतपणे म्हणाली की मला वाटलं, हिनं हे कसंबसं रचून बसवलंय, आता मी ते पाडलं तर ही उभी राहील का? असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण इतकंच, की मी भ्याले. दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं, पुढच्या वर्षी त्याहून. मग एका ओळीचं बोलणं उरलं.

कधी कधी खोलीत ढग शिरतो तेव्हा त्यात बाबा बसलेले दिसतात. माझ्यावर रागावलेले नसतात. कुणाची तरी वाट बघत असतात, आणि मी त्यांना सांगू शकत नाही की ती निघाली आहे.

आता तुझ्या कामाचं, कारण तुझं काम थांबून चालणार नाही. मी अख्खी बोट बंद करून ठेवते, ते भीतीनं. त्याची गरज नाही. जितक्या जागा मागितल्या तितक्याच धरून ठेव, बाकीची बोट मोकळी सोड. तेवढ्या सगळ्या मिळाल्या तर लिही, नाहीतर सोडून दे. दारातून मात्र कुटुंब अख्खंच आत यायला हवं, त्याचे तुकडे करायचे नाहीत. मला हे वीस वर्षांपूर्वीच सुचलं होतं. पण त्या तुकड्याला हात लावायचा धीर झाला नाही. तू लाव. वरची ओळ मी लिहिली होती, मीच परवानगी देते.

ताईला यातलं काही सांगू नकोस. ते तुझं काम नाही.

मावशी

२४ नोव्हेंबर

मावशी,

तू सांगितलंस तसंच केलं. 'सोबत' आहे, फक्त आता तो मागितलेल्या जागाच धरतो. काल एका वेळी आठशे जणांची चाचणी घेतली. सगळ्यात जास्त थांबावं लागलं ते अर्धा सेकंद. साहेबांनी विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, "ज्यांनी लिहिलं त्यांनीच. माझी मावशी." ते खुर्चीत बसले. म्हणाले, "नमस्कार सांगा." तेव्हा नमस्कार.

त्या पियानोवाल्या बाईंना मी शोधून काढलं आणि घरी जाऊन सांगितलं की चूक तुमच्या यजमानांची नव्हती, माझी होती. बाई म्हणाल्या, "ते मला माहीत होतं. पण ह्यांना माहीत नव्हतं. आठवडाभर फोनला हात लावत नव्हते." मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि काहीतरी वाजवलं. खिडकीतून ऊन येत होतं, आणि मला वाटलं, आपण अजून बोटीतच आहोत आणि अजून पोचलेलो नाही.

मी आईला काही सांगितलेलं नाही. पण मंगळवारी तुझ्या अक्षरातलं जाड पाकीट आलं. तिनं ते हातात तोलून बघितलं आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती संध्याकाळी. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी भाजी आणि दूध यापलीकडे बोललेली नाही. काल मी बोटीला निघाले तर माझ्याबरोबर चपला घालून धक्क्यापर्यंत आली. पाण्याकडे बघत उभी राहिली. बोट सुटेपर्यंत तिथंच होती, मग धुक्यात दिसेनाशी झाली. मला कळत नाही, हे चांगलं की वाईट.

भिंगरी

२ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं त्याला पंधरा दिवस होतील. लिहायला बसते आणि उठते. आज सगळं लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

तो फोन मी एकतीस वर्षं मनात करतेय. रोज नाही, पण भांडी घासताना, रांगेत उभी असताना, बसच्या खिडकीशी. दर वेळी मी म्हणते, "एक जागा, सकाळची बोट." माझ्याच तोंडून ऐकते. तुझं पत्र वाचल्यावर मी तो फोन पुन्हा केला. म्हटलं, "दोन. एक वडिलांची, एक माझी." आणि मला आठवलं. तो पलीकडचा माणूस म्हणाला होता, "दोन्हीतली एक खिडकीजवळ देऊ का?" एकटीच्या जागेला कोण असं विचारेल? मी दोन सांगितल्या होत्या. मला ते ठाऊक होतं. मशीन चुकत नाही म्हटल्यावर मी ते विसरून गेले.

तुझा प्रोग्राम चुकला त्याचा मला राग नाही. लाइन तुटली, त्याला तू काय करणार. तुला महिन्याभरात कळलं आणि तू माझ्या घरी आलीस, समोर बसलीस, चहा प्यायलीस आणि उठून गेलीस, त्याचा आहे. मी पडले असते असं तुला वाटलं. मी पडलेलीच होते गं. तू हात द्यायला हवा होतास.

आता मी तुला एक सांगते, जे तुला माहीत नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि तू का विचारत नाहीस ते आता कळलं. त्या सकाळी बाबा खुशीत होते. दाढी केली, निळा स्वेटर घातला. धक्क्यावर यादीत माझं नाव नाही म्हटल्यावर मी रडकुंडीला आले, तर ते माझीच समजूत घालत होते. बोटीत चढले आणि काचेतून मला हातानं बोलावलं. मी जवळ गेले. काच खाली करून म्हणाले, "बघ, धाकटीच्या मशीननं मला खिडकीची जागा दिली." शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तेच सांगत होते. माझी धाकटी आहे, तिनं केलंय हे सगळं. बोट लांब जाईपर्यंत ते त्या माणसाशी बोलतानाच दिसत होते.

हे तुझं होतं, आणि मी ते एकतीस वर्षं माझ्याकडे ठेवलं. तेव्हा थोडा दोष माझ्याही अंगाला लागतो.

लेक म्हणते, नवीन पद्धत पुढच्या सोमवारी सगळ्यांसाठी सुरू होणार. तिच्या तोंडून तुझं कौतुक थांबत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण अजून मी ते तिला कळू देत नाही.

धाकटे, मला रागवायचं आहे. पत्रात राग नीट उतरत नाही, चार ओळी झाल्या की थंड होतो आणि मग मला दुसरंच काहीतरी आठवायला लागतं. मला तुझ्यासमोर बसून, तुझ्याकडे बघत रागवायचं आहे. तेव्हा ये. आणि चार-सहा दिवस राहायच्या तयारीनं ये, एका दिवसात माझं रागावून होणार नाही.

ताई